व्हीरॅम भरल्यावर ड्रायव्हर कोणाला बाहेर काढतो, आणि का?

चित्रकथी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ८ जीबी व्हीरॅमचं (म्हणजे कार्डावरच्या स्वतःच्या मेमरीचं) ग्राफिक्स कार्ड आहे, लिनक्सवर ओपन सोर्स ड्रायव्हर आहे. मी गेमच्या लेव्हल्स बनवते. त्यामुळे ब्लेंडर, गेम इंजिनचा एडिटर आणि संदर्भचित्रांनी भरलेला ब्राउझर हे सगळं एकाच वेळी उघडं असतं. एडिटरमध्ये सीन व्यवस्थित फिरत असतो. ब्राउझरमध्ये काही जड पानं उघडली की फ्रेमरेट एकदम कोसळतो. एरर येत नाही, काही बंद पडत नाही, जीपीयूचा (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा) वापर शंभर टक्क्यांच्या आसपासच दिसतो. ब्राउझर बंद केला की थोड्या वेळात गाडी रुळावर येते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. व्हीरॅम संपल्यावर ड्रायव्हर नेमकं काय करतो? आणि जो प्रोग्रॅम मी डोळ्यांसमोर वापरतेय त्यालाच फटका का बसतो, मागे पडलेल्या ब्राउझरला का नाही? "जास्त व्हीरॅमचं कार्ड घे" हा सल्ला मला माहीत आहे. आत काय घडतं ते हवंय.

रानवारा

मी विंडोजवाला. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ८ जीबी "डेडिकेटेड" आणि खाली आणखी १६ जीबी "शेअर्ड" दिसतात. म्हणजे एकूण २४ जीबी आहेत ना? मग ८ भरले तर बिघडलं कुठे? आणि माझे दोन फोर-के मॉनिटर आहेत, तेच सगळी व्हीरॅम खातात असं ऐकलंय.

फेन्सवाला

रानवारा, आधी तुमचं. तो १६ जीबीचा आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे. विंडोज साधारण निम्मी रॅम जीपीयूला वापरू देतं. ती आधीपासून बाजूला काढून ठेवलेली नसते. मॉनिटरचं गणित सोपं आहे: ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ३३ एमबी. तीन बफर धरले तरी एका पडद्याला १०० एमबी. व्हीरॅम खाणारे ते नव्हेत.

आता चित्रकथीताईंचा प्रश्न. लिनक्सवरच्या एएमडी कार्डांच्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरचं उदाहरण घेतो, कारण त्याचा सोर्स उघडा आहे आणि तो मी बराच वाचलाय.

प्रोग्रॅम टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) किंवा मेश (वस्तूच्या आकाराची जाळी) यांसाठी जागा मागतो तेव्हा ड्रायव्हर एक बफर ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, तयार करतो. हा बफर तीनपैकी एका जागी राहू शकतो. एक, कार्डावरची व्हीरॅम. दोन, मुख्य रॅमची अशी पानं (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) जी जीपीयूच्या पेज टेबलमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या तक्त्यात, जोडलेली आहेत. याला जीटीटी म्हणतात, आणि जीपीयू ती पीसीआय-ई (कार्ड संगणकाला जोडणारी बस) वरून थेट वाचू शकतो. तीन, साधी सिस्टिम मेमरी, जिथे बफर आहे पण जीपीयूला तो दिसत नाही. बफर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचं काम लिनक्समध्ये टीटीएम नावाचा कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) भाग करतो.

प्रोग्रॅमला यातलं काहीच कळत नाही. त्याच्याकडचा जीपीयूचा आभासी पत्ता तोच राहतो, मागची प्रत्यक्ष जागा बदलते. व्हीरॅम भरलेली असताना नवीन बफर आला की टीटीएम सर्वांत आधी वापरून झालेला बफर शोधतो. त्याच्यावर जीपीयूचं काम चालू असेल तर त्याच्या फेन्सची वाट बघतो. फेन्स म्हणजे "हे काम संपलं" अशी जीपीयूने द्यायची खूण. मग रॅममध्ये पानं घेतली जातात, कॉपी करणारं वेगळं इंजिन मजकूर हलवतं, पेज टेबल बदललं जातं, आणि मोकळी झालेली जागा नव्या बफरला मिळते.

म्हणूनच तुम्हाला एरर दिसत नाही. बफर जीटीटीत गेला तरी जीपीयू तो वाचतोच, फक्त हळू. किती हळू? एएमडीच्या आरएक्स ६६०० कार्डाचे आकडे घ्या. व्हीरॅमचा वेग सेकंदाला २२४ जीबी. पीसीआय-ई ४.० च्या आठ लेनवरून मिळतात सुमारे १६ जीबी. साठ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात व्हीरॅममधून साडेतीन जीबीच्या वर वाचता येतं, आणि बसवरून जेमतेम पाव जीबी. कॅशमुळे प्रत्यक्षात फरक थोडा बोथट होतो, पण दर फ्रेमला लागणारं अर्धा जीबी टेक्स्चर बाहेर गेलं तर फ्रेमरेट कोसळणारच. जीपीयू त्या वेळात मेमरीची वाट बघत असतो, आणि मोजणाऱ्याला ते "कामात आहे" असंच दिसतं. म्हणून शंभर टक्के.

जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी याचं टोकाचं उदाहरण. ४ जीबी व्हीरॅम आणि पीसीआय-ई च्या फक्त चार लेन. ४.० च्या बोर्डावर सेकंदाला ८ जीबी मिळतात, जुन्या ३.० च्या बोर्डावर ४. व्हीरॅम सेकंदाला १४४ जीबीने चालते. त्यामुळे ४ जीबीच्या आत बसणारा गेम दोन्ही बोर्डांवर जवळपास सारखा चालायचा आणि थोडा बाहेर सांडला की जुन्या बोर्डावर पार बसायचा.

रानवारा

मग एकदा बाहेर गेलेला बफर लगेच परत का आणत नाहीत? एडिटर तर दर फ्रेमला तो मागतोय.

फेन्सवाला

आणतात, पण मोजूनमापून. व्हीरॅम ठासून भरलेली असताना एकाला आत आणायचं म्हणजे दुसऱ्याला बाहेर काढायचं. तो दुसराही पुढच्या फ्रेमला परत येऊ मागेल. असं चालू राहिलं तर सगळी बस या हलवाहलवीतच संपते आणि कोणाचंच चित्र निघत नाही. त्यामुळे एएमडीजीपीयू दर वेळी काम स्वीकारताना किती बाइट हलवायचे यावर मर्यादा ठेवतो. मूव्हरेट नावाचं एक मोड्यूल पॅरामीटर आहे. त्याची मूळ किंमत सेकंदाला ८ एमबी आहे. एक जीबी त्या गतीने परत यायला दोन मिनिटांच्या वर लागतात.

पण जागा मोकळी असेल तर हाच कोड सैल होतो. किमान १२८ एमबी किंवा एकूण व्हीरॅमचा आठवा हिस्सा रिकामा असेल तर तो मोकळ्या जागेच्या पाव हिश्श्याइतकं एका फटक्यात हलवू देतो. ताईंनी लिहिलेलं लक्षण याच्याशी जुळतं. ब्राउझर उघडा आहे तोवर एडिटरचे बफर जीटीटीत अडकलेले, ब्राउझर बंद झाला की पटापट आत.

मूव्हरेट वाढवून बघा असा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. जिथे खरोखर जागाच नाही तिथे त्याने धक्के वाढतात.

जुनाजाणता

फेन्सवाला यांनी सांगितलंय ते नेमकं आहे. थोडा इतिहास जोडतो, कारण आजच्या रचनेचे बरेच कोपरे त्यातून आलेत.

१९९० च्या दशकात लिनक्सवर व्हीरॅमचा मालक कर्नल नव्हताच. एक्स सर्व्हरमधला (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला) ड्रायव्हर सुरुवातीलाच वाटणी करून टाकायचा: इतकी जागा पडद्याला, इतकी मागच्या बफरला, इतकी डेप्थला, उरलेली टेक्स्चरना. एजीपी (ग्राफिक्स कार्डासाठीची जोडणी) १९९७ च्या सुमारास आलं आणि त्याबरोबर गार्ट. विखुरलेली रॅमची पानं जीपीयूला सलग दाखवणारं ते टेबल. आजचं जीटीटी त्याच वंशातलं.

२००८ मध्ये कर्नलमध्ये खरं मेमरी व्यवस्थापन आणायचं ठरलं तेव्हा दोन रस्ते समोर होते. टंगस्टन ग्राफिक्सचं टीटीएम सगळ्या प्रकारच्या कार्डांसाठी होतं, पण अंगाने जड. इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक ॲनहोल्ट यांनी जेम लिहिलं. इंटेलच्या चिपना स्वतःची व्हीरॅम नव्हती, सगळं मुख्य रॅममध्येच. त्यामुळे जेमला बफर एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची चिंता नव्हती आणि ते सुटसुटीत राहिलं. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये जेम आलं. पुढच्या वर्षी २.६.३१ मध्ये टीटीएम आलं, एएमडीच्या रेडिऑन कार्डांसाठी. शेवटी तडजोड अशी झाली की बाहेरून बोलायची भाषा जेमची आणि व्हीरॅमवाल्या कार्डांना आतून टीटीएम.

मला यातला पुढचा भाग फार बोलका वाटतो. इंटेलने स्वतःची वेगळी कार्डं काढायला घेतली तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्याही ड्रायव्हरमध्ये टीटीएम आलं. मार्च २०२४ च्या ६.८ मध्ये आलेला त्यांचा नवा एक्सई ड्रायव्हरही टीटीएमवरच उभा आहे. टीटीएमचा जडपणा उगाच नव्हता. दोन वेगवेगळ्या वेगांच्या मेमऱ्या एकत्र चालवायच्या म्हटल्यावर तेवढं ओझं येतंच.

चित्रकथी

जुनाजाणता काका, हे माहीत नव्हतं, आभार. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. "सर्वांत आधी वापरून झालेला बफर" बाहेर जाणार असेल तर तो ब्राउझरचा असायला हवा. मी तर एडिटरमध्ये काम करतेय. एडिटरचे बफर दर फ्रेमला वापरले जातायत.

फेन्सवाला

ताई, या प्रश्नासाठी हा धागा ठेवण्यासारखा आहे.

ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स इंटरफेसच्या काळात प्रत्येक कामाबरोबर कर्नलला यादी जायची: या कामाला हे हे बफर लागणार. कर्नल यादीतले बफर एलआरयूच्या (शेवटच्या वापराच्या क्रमाने लावलेल्या रांगेच्या) ताज्या टोकाला ढकलायचा. मागच्या लेव्हलची टेक्स्चर यादीत नसत, ती आपोआप शिळ्या टोकाकडे सरकत आणि आधी बाहेर जात. कर्नलला बऱ्यापैकी खरं चित्र दिसत होतं.

व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ हे नवे इंटरफेस आल्यावर शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) हजारो टेक्स्चरच्या तक्त्यातून हवं ते उचलतो. कोणतं उचललं जाईल हे जीपीयूवर चालतानाच ठरतं. दर कामाला हजारो बफरांची यादी कर्नलला देणं सीपीयूला परवडत नाही. म्हणून रॅडव्हीसारखा (एएमडी कार्डांसाठीचा व्हल्कन) ड्रायव्हर बहुतेक बफर "कायम वैध" म्हणून नोंदवतो. कर्नल एलआरयूमध्ये त्या प्रोग्रॅमचा सगळा गठ्ठा एकदम ताज्या टोकाला नेतो. झालं काय, की एडिटरच्या आत कोणतं टेक्स्चर गरम आणि कोणतं तासाभरात शिवलेलंही नाही, हा भेद कर्नलला दिसेनासा झाला. सीपीयूच्या पानांना "नुकतं वापरलं" अशी खूण प्रोसेसर स्वतः करतो, आणि कर्नलचं रॅम व्यवस्थापन त्यावरच चालतं. जीपीयूच्या बाबतीत ड्रायव्हरला तितकी स्वस्त सोय हाताशी नाही.

आता ब्राउझर. तो "मागे" आहे हे तुम्हाला माहीत आहे, कर्नलला नाही. पानावर एखादी हलती जाहिरात, व्हिडिओ, नुसता लुकलुकणारा कर्सर असला तरी ब्राउझर जीपीयूला काम देतो आणि त्याचाही गठ्ठा ताजा होतो. दोन्ही गठ्ठे ताजे. नवीन पान उघडलं की नवीन बफर, आणि त्यासाठी जागा कोणाची जाईल? ज्याचा पसारा मोठा त्याची जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे एडिटरची. शिवाय मघाशी सांगितलेली मर्यादा परतीच्या वाटेवर लागते.

माझं ठाम मत असं आहे की एलआरयू कितीही हुशार केली तरी हा प्रश्न सुटणार नाही. "शेवटचं कधी वापरलं" एवढंच तिला कळतं. "माणूस कशाकडे बघतोय" ही माहिती खिडक्या सांभाळणाऱ्या कंपोझिटरकडे आहे आणि "कोणतं टेक्स्चर मोलाचं" ही इंजिनाकडे. ती वरून खाली कर्नलपर्यंत पोचवावी लागते.

रानवारा

विंडोजमध्ये पोचते का?

फेन्सवाला

बऱ्याच अंशी. व्हिस्टाच्या डब्ल्यूडीडीएमपासून (विंडोजची ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना) विंडोजच्या कर्नलमध्येच व्हिडिओ मेमरी मॅनेजर आहे. २०१५ च्या विंडोज १० बरोबर डब्ल्यूडीडीएम २.० आलं. तिथेही दर कामाची यादी गेली आणि त्याऐवजी प्रोग्रॅमने "हे आत ठेव", "हे आता सोडलं तरी चालेल" असं स्वतः सांगायची पद्धत आली. प्रत्येक प्रोसेसला एक बजेट मिळतं, ते प्रोग्रॅमला विचारता येतं, आणि समोर असलेल्या प्रोग्रॅमला वाटा जास्त मिळतो. बजेट घटलं की शहाणं इंजिन स्वतःच टेक्स्चरची प्रत खाली आणतं. न ऐकणारे प्रोग्रॅम तिथेही असतात, पण व्यवस्थेला निदान कोण समोर आहे ते ठाऊक असतं.

मॅट्रिक्स_मावळा

मी वेगळ्या बाजूने येतो. मशीन लर्निंगची कामं चालवतो आणि माझ्या दृष्टीने ही गुपचूप हलवाहलवी म्हणजे डोकेदुखी आहे. मला स्पष्ट "मेमरी संपली" हवं. एरर आली तर मी बॅच लहान करतो. एरर न येता काम दहापट मंदावलं तर रात्रभर चालून सकाळी अर्धंही झालेलं नसतं, आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

२०२३ मध्ये विंडोजवरच्या एनव्हिडिया ड्रायव्हरमध्ये कूडासाठी (जीपीयूवर गणितं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) मुख्य रॅमकडे वळायची सोय आली तेव्हा यावरून बरीच चर्चा झाली. स्थानिक संगणकावर चित्रं बनवणारे लोक म्हणायचे की एरर येणं परवडलं. त्याच वर्षी पुढच्या आवृत्तीत ती सोय बंद करायचं बटण दिलं गेलं. लिनक्सवर साध्या कूडा मागणीला जागा नसेल तर सरळ एरर मिळते, आणि मला तेच योग्य वाटतं.

फेन्सवाला

तुमच्या कामाला तेच योग्य. एकच प्रोग्रॅम, एकच मालक, किती जागा लागणार ते आधी माहीत. डेस्कटॉपला मात्र ते चालणार नाही. ताईंनी ब्राउझरचं पान उघडलं आणि त्यामुळे एडिटरची पुढची मागणी नाकारली गेली, तर बहुतेक प्रोग्रॅम ती एरर नीट हाताळत नाहीत, सरळ कोसळतात. न जतन केलेलं काम जातं. मंदावणं त्यापेक्षा कितीतरी बरं. म्हणून धोरण प्रोग्रॅमगणिक वेगळं ठेवता यायला हवं.

शिशिर०७

याच विषयाला लागून विचारतो. संगणक झोपवताना (सस्पेंड करताना) व्हीरॅमचं काय होतं? माझ्या डेस्कटॉपवर १६ जीबी रॅम, १६ जीबी व्हीरॅम. मोठा सीन उघडा असताना सस्पेंड केलं तर कधी कधी ते होतच नाही, पडदा परत उजळतो.

जुनाजाणता

शिशिर, एस-३ झोपेत (नेहमीच्या सस्पेंडमध्ये) मुख्य रॅमला वीज मिळत राहते, कार्डाला मिळत नाही. व्हीरॅममधलं सगळं पुसलं जातं. म्हणून झोपण्याआधी ड्रायव्हरला व्हीरॅममधला मजकूर रॅममध्ये हलवावा लागतो. तुमच्या १६ जीबी रॅममध्ये ब्राउझर वगैरे आधीच बसलेले असतात. त्यात आणखी १० जीबी कुठे मावणार? जागा मिळाली नाही तर ड्रायव्हर नकार देतो आणि सस्पेंड रद्द होतं. डेटा गमावण्यापेक्षा हा नकार बरोबरच आहे.

यात एक बारीक खोच होती. डिस्क आधी झोपली तर स्वॅपही (रॅममध्ये न मावणारं ठेवायची डिस्कवरची जागा) वापरता येत नाही. म्हणून एएमडीजीपीयूमध्ये हे हलवण्याचं काम डिस्क जागी असतानाच्या टप्प्यात पुढे आणलं गेलं. तेव्हा तुम्ही पुरेशी स्वॅप ठेवा आणि कर्नल नवा ठेवा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये व्हीरॅम फाइलमध्ये उतरवून ठेवायची सोय आहे. ती फाइल कुठे जाते ते तपासा. टेम्प फोल्डर रॅममध्येच असेल तर हेतूच फसतो, तिला डिस्कवरची जागा द्या.

रानवारा

आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू केलं तर या सगळ्यात फायदा होतो का?

फेन्सवाला

इव्हिक्शनमध्ये, म्हणजे बफर बाहेर काढण्यात, थेट फार नाही. पूर्वी सीपीयूला व्हीरॅममधला फक्त २५६ एमबीचा तुकडा दिसायचा. सीपीयूला लिहायचे असलेले बफर त्या तुकड्यात कोंबावे लागत आणि तेवढ्यापुरती वेगळी ढकलाढकली चालायची. बार मोठा केला की पूर्ण व्हीरॅम दिसते आणि ती कटकट संपते. चालू ठेवा, पण ८ जीबीचे ९ होणार नाहीत.

चित्रकथी

बरंच उलगडलं. आता दोन व्यवहारी गोष्टी. एडिटरचं किती बाहेर गेलंय हे प्रत्यक्ष बघता येतं का? आणि वरून खाली माहिती पोचवायची म्हणालात, त्याची लिनक्सवर आज काही सोय आहे का?

फेन्सवाला

बघता येतं. प्रोक या सिस्टिम फोल्डरखाली प्रत्येक प्रोसेसचं एफडीइन्फो फोल्डर असतं. जीपीयूच्या फाइलसमोर त्या प्रोसेसची व्हीरॅम किती, जीटीटी किती हे लिहिलेलं असतं. एएमडीजीपीयूमध्ये "इव्हिक्टेड व्हीरॅम" अशी वेगळी ओळ आहे: जे व्हीरॅममध्ये असायला हवं होतं पण सध्या नाही तेवढं. एडिटर मंदावला की त्याची ही ओळ बघा. ती शून्याच्या जवळ असेल तर दुखणं दुसरं आहे आणि वरचं सगळं तुमच्या बाबतीत लागू नाही. एनव्हीटॉप किंवा एएमडीजीपीयू_टॉप हे प्रोग्रॅम जास्त सोयीने दाखवतात.

दुसऱ्याचं उत्तर नवं आहे. मार्च २०२५ च्या ६.१४ कर्नलमध्ये डीमेम नावाचा सीग्रुप (प्रोसेसचे गट करून त्यांना साधनं वाटायची कर्नलची सोय) कंट्रोलर आला. रॅमसाठी सीग्रुपने जशा मर्यादा आणि संरक्षण देता येतं तसं आता व्हीरॅमसाठी. एक्सई आणि एएमडीजीपीयू दोघेही त्यात आपली व्हीरॅम नोंदवतात. यात "मॅक्स" म्हणजे यापुढे नाही, आणि "लो" म्हणजे इतक्यापर्यंत याला शक्यतो हात लावू नका. टीटीएम बाहेर काढण्यासाठी बफर शोधताना आधी संरक्षण नसलेल्या गटातले घेतो, तिथे भागलं नाही तरच संरक्षितांकडे वळतो. एडिटर ज्या सीग्रुपमध्ये आहे त्याला "लो" ५ जीबी दिलं, की ब्राउझर कितीही लुकलुकला तरी आधी त्याचेच बफर जातील. सीग्रुपच्या उतरंडीत वरच्या गटांनाही तेवढं संरक्षण द्यावं लागतं, नाहीतर खालच्या आकड्याचा परिणाम होत नाही.

हे हाताने करायला लागू नये. कंपोझिटरला समोरची खिडकी माहीत आहे, त्याने फोकस बदलला की हा आकडा बदलावा. मला वाटतं डेस्कटॉपसाठी पुढचं काम इथेच आहे.

मॅट्रिक्स_मावळा

हा "मॅक्स" मला उपयोगी आहे. एकाच कार्डावर दोघांची कामं चालतात तेव्हा एकाने दुसऱ्याची जागा खाऊ नये यासाठी. पण मॅक्स ओलांडलं तर एरर येते की जीटीटीत ढकलतात?

फेन्सवाला

जीटीटीत जायची परवानगी असलेला बफर तिकडे जातो. फक्त व्हीरॅमच हवी असं सांगून मागितलेल्या बफरसाठी आधी त्याच गटातलं काहीतरी बाहेर काढायचा प्रयत्न होतो, तेही जमलं नाही तर मागणी नाकारली जाते. तुमचा ड्रायव्हर टीटीएमवाला असेल तरच हे लागू, हे लक्षात असू द्या.

चित्रकथी

आमच्या इंजिनात टेक्स्चर स्ट्रीमिंगचा पूल (लागतील तशी टेक्स्चर आणून ठेवायची जागा) किती ठेवायचा याची सेटिंग आहे. तो आकडा मी कार्डाच्या ८ जीबीवरून ठरवत होते.

फेन्सवाला

तो ८ वरून ठरवू नका. व्हल्कनमध्ये मेमरी बजेट नावाचं एक्स्टेंशन आहे. ते त्या क्षणी तुमच्या प्रोग्रॅमने किती वापरावं याचा अंदाज देतं, आणि ब्राउझर फुगला की तो आकडा घटतो. इंजिन ते विचारत असेल तर पूल आपोआप जुळवून घेऊ द्या. विचारत नसेल तर एडिटर बंद करून, ब्राउझर आणि ब्लेंडर नेहमीसारखे उघडे ठेवून एकूण व्हीरॅमचा वापर बघा, तो ८ मधून वजा करा, रेंडर टार्गेटसाठी (ज्यात चित्र काढलं जातं ते बफर) एखादा जीबी सोडा आणि उरेल तो पूल. मग एडिटरची "इव्हिक्टेड" ओळ बघत हळूहळू वाढवत न्या.